वगळायच्या यादीतलं आकाश

"प्रोग्रामचं अख्खं फोल्डरच गिटमध्ये टाकलं तर बिघडतं काय? डिस्क तर हल्ली स्वस्त आहे!"

कोड लिहायला नुकतंच शिकलेले बहुतेक जण हा प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर म्हणून बहुधा एक तयार यादी मिळते : ही फाइल प्रकल्पात टाक, काम होईल. काम होतंही. पण त्या यादीत काय लिहिलंय आणि का, हे कळलेलं नसतं. मग एखाद्या दिवशी हवी ती फाइल सापडत नाही, किंवा नको ती फाइल जगजाहीर होऊन बसते.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर पुणे-नाशिक रस्त्याला लागावं. आंबेगाव तालुक्यातलं मंचर मागे टाकून जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पोचलं की पूर्वेला खोडदचा रस्ता फुटतो. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून अचानक लोखंडी जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसायला लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) चालवतं. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आसपासच्या शाळा-कॉलेजांची मुलं इथं गर्दी करतात. अवसरी खुर्दच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीनं उद्या ठरवलं की या दुर्बिणीच्या जुन्या निरीक्षणांतून आकाशाची चित्रं काढणारा प्रोग्राम लिहावा, तर गिटमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही, हा प्रश्न तिच्यासमोर पहिल्याच दिवशी उभा राहील. तिच्या खांद्यावरून आपणही बघू.

१. गिट नेमकं काय जपतं?

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर जगभरातले प्रोग्रामर एकत्र काम करतात. त्यासाठी ते बिटकीपर नावाची एका कंपनीची प्रणाली फुकट वापरत होते. २००५ मध्ये ती सवलत बंद झाली आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं.

गिटचं काम सांगायला सोपं आहे. फोल्डरमधल्या फाइली तुम्ही सांगाल त्या क्षणी जशा असतील तशा ते टिपून ठेवतं. या टिपणाला कमिट म्हणतात. एकामागून एक झालेल्या कमिटांचा मिळून प्रकल्पाचा इतिहास तयार होतो, आणि हा इतिहास जिथं साठतो ते भांडार म्हणजे रेपॉझिटरी, बोलीत रेपो. गेल्या महिन्यात चालणारा प्रोग्राम आज का चालत नाही, कोणी कोणती ओळ बदलली, हे सगळं त्यातून काढता येतं.

या यंत्रणेचे दोन गुण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहेत. पहिला, ती विसरत नाही. आज कमिट केलेली फाइल उद्या काढून टाकली, तरी आजच्या कमिटमध्ये ती राहतेच. दुसरा, जो कोणी तो रेपो आपल्या संगणकावर उतरवून घेतो, म्हणजे क्लोन करतो, त्याच्याकडे एरवी सगळाच्या सगळा इतिहास येतो. मजकुराच्या बाबतीत हे परवडतं, कारण एखादी ओळ बदलली तर गिट जुन्या-नव्यातला फरक साठवून जागा वाचवू शकतं. आकड्यांनी ठासून भरलेल्या मोठ्या फाइलींवर ही काटकसर फारशी चालत नाही. तशा फाइलीच्या पाच आवृत्त्या कमिट केल्या की जवळपास पाचपट ओझं, आणि ते प्रत्येक सहकाऱ्याच्या माथी.

म्हणून रेपोकडे स्वयंपाकाच्या वहीसारखं बघावं. वहीत पुरणपोळीची कृती लिहितात, पोळी चिकटवून ठेवत नाहीत. कृती असली की पोळी पुन्हा करता येते. इथवर बहुतेक पुस्तकं सांगतात. पण पोळीला हरभऱ्याची डाळही लागते. ती वहीत मावत नाही आणि वहीवरून उगवतही नाही. गिटमधून काय वगळायचं याची चर्चा पोळीपाशी थांबते आणि डाळीचा विसर पडतो, असं माझं निरीक्षण आहे. खोडदला मात्र ती विसरणं शक्यच नाही.

२. एका रात्रीचं वजन

जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर पसरलेल्या. टोकाच्या थाळ्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं. दुर्बीण प्रत्येक थाळीचा संकेत इतर प्रत्येक थाळीच्या संकेताशी ताडून बघते. ३० थाळ्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५.

आता पाटीवरचा हिशोब करू. समजा, आलेल्या रेडिओलहरींचे २,०४८ बारीक पट्टे पाडले आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात लहरींच्या दोन ध्रुवणदिशा वेगळ्या मोजल्या आहेत. प्रत्येक मोजमापाला ८ बाइट लागतात. ४३५ × २ × २,०४८ × ८ म्हणजे १,४२,५४,०८० बाइट. ही झाली एक नोंद. दर दहा सेकंदांनी एक नोंद धरली तर तासाला ३६०, म्हणजे पाच जीबीच्या वर. आठ तासांच्या निरीक्षणाला सुमारे ४१ जीबी.

गिटहब हे रेपो ठेवण्याचं सर्वांत परिचित संकेतस्थळ. ते साध्या गिटमध्ये १०० एमबीहून मोठी फाइल स्वीकारत नाही. आपल्या हिशोबानं ही मर्यादा निरीक्षणाच्या सव्वा मिनिटातच ओलांडली जाते. 'डिस्क स्वस्त आहे' या युक्तिवादाचं इथंच तेरावं होतं.

शिवाय हा पसारा वाढत आला आहे. दुर्बीण सुरुवातीला एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकायची, अद्ययावत झाल्यावर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकते.

एवढ्यावर भागत नाही. दुर्बिणीकडून येणारी मूळ फाइल एलटीए या प्रकारची असते. तिच्यापासून फिट्स नावाची, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना चालणारी फाइल बनते. मग कासा हे सॉफ्टवेअर फिट्समधला सगळा मजकूर आपल्या मेझरमेंट सेटमध्ये ओततं. म्हणजे तीच रात्र तिसऱ्यांदा डिस्कवर! त्यानंतर चित्र काढताना कासा एकटं चित्र देऊन थांबत नाही, बरोबर उरलेला संकेत, दुर्बिणीचा ठसा, मॉडेल अशी भावंडं बनवतं. प्रत्येक प्रयोगाला नवा संच. आठवडाभरात फोल्डर असं फुगतं की त्यात विद्यार्थिनीनं स्वतः लिहिलेल्या दोन-चार छोट्या फाइली शोधाव्या लागतात. गिटमध्ये जायला हव्यात त्या नेमक्या याच.

३. यादी कशी लिहितात

गिटला 'इकडे बघू नकोस' असं सांगायची सोय म्हणजे डॉट गिटइग्नोर नावाची साधी मजकुराची फाइल. तिचं नाव टिंबानं सुरू होतं. कल्पना गिटची स्वतःची नव्हे, त्याच्या आधीच्या सीव्हीएस या प्रणालीतही अशी यादी असायची. आपल्या विद्यार्थिनीची पहिली यादी अशी दिसेल (संगणकावर ती रोमन अक्षरांत लिहायची, इथं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहे) :

# दुर्बिणीच्या फाइली
*.एलटीए
*.फिट्स
# कासानं बनवलेलं
*.एमएस/
*.लॉग

# नं सुरू होणारी ओळ माणसांसाठी, गिट ती सोडून देतं. तारा म्हणजे 'इथं काहीही असो'. त्यामुळे *.एलटीए म्हणजे नावाच्या शेवटी डॉट एलटीए असलेली कोणतीही फाइल, कोणत्याही उपफोल्डरमधली. शेवटची तिरकी रेघ म्हणजे 'हे फोल्डर असेल तरच'. मेझरमेंट सेट कामाच्या बोलण्यात एक फाइल वाटतो, पण तो प्रत्यक्षात अनेक फाइलींचं फोल्डर असतो, म्हणून रेघ. ओळीच्या आरंभी रेघ दिली तर नियम फक्त यादी जिथं ठेवली आहे त्या पातळीवर लागू होतो. आणि उद्गारचिन्हानं सुरू होणारी ओळ अपवाद करते : 'बाकीचं वगळ, पण हे घे.' नियम वरून खाली वाचले जातात आणि एकाच फाइलला अनेक नियम लागले तर शेवटचा जिंकतो.

ही यादी बघायला ठीक आहे. तिच्यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा चौथ्या नियमात, *.लॉगमध्ये. कासा चालवलं की प्रत्येक वेळी आपल्या कामाची रोजनिशी म्हणून एक लॉग फाइल बनते. ती ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून *.लॉग हा नियम कुणीही डोळे झाकून लिहितं. गिटहबवर निरनिराळ्या भाषांसाठी तयार याद्यांचा संग्रह आहे, त्यातल्या पायथनच्या यादीतही हा नियम आहे. पण जीएमआरटीच्या वाटेवर आणखी एक लॉग फाइल भेटते. एलटीएपासून फिट्स बनवताना आधी लिस्टस्कॅन हा छोटा प्रोग्राम चालवतात. रात्रभरात दुर्बीण कोणत्या स्रोताकडे केव्हा वळली होती याची जंत्री तो एका फाइलीत उतरवतो आणि त्या फाइलीच्या नावाचा शेवट डॉट लॉग असा असतो. संशोधक ती उघडून हातानं बदलतो : हा भाग घ्यायचा, तो गाळायचा, येणाऱ्या फाइलीचं नाव अमुक. मग जीव्हीफिट्स हा दुसरा प्रोग्राम ती वाचून कामाला लागतो. म्हणजे नावानं लॉग असलेली ही फाइल खरं तर माणसानं घेतलेल्या निर्णयांची नोंद आहे. काही केबींची, पुन्हा आपोआप न बनणारी, गिटमध्ये असायलाच हवी अशी. आणि *.लॉग तिला गुपचूप गिळतो. कुठलाही संदेश येत नाही, कारण न बोलणं हेच या यादीचं काम.

उपाय दोन. एक तर नियम अरुंद करावा : *.लॉग ऐवजी कासा-*.लॉग, कारण कासाच्या रोजनिशांची नावं तशीच सुरू होतात. किंवा हातानं बदललेल्या फाइली 'निवड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि *.लॉगच्या खाली !निवड/*.लॉग अशी अपवादाची ओळ लिहावी. मला पहिला उपाय पसंत आहे. अपवाद वाढले की यादी वाचणाऱ्याला डोकं धरावं लागतं. शिवाय अपवादाला एक मर्यादा आहे : अख्खं फोल्डरच वगळलं असेल तर गिट त्याच्या आत डोकावतच नाही, मग आतल्या एखाद्या फाइलीसाठी काढलेला अपवाद वाया जातो.

दुसरा खड्डा आपल्यासारख्या देवनागरीत वाढलेल्यांच्या पटकन ध्यानात येत नाही, कारण आपल्या अक्षरांना थोरली-धाकटी रूपं नाहीत. जीव्हीफिट्सला फाइलीचं नाव सांगितलं नाही तर तो 'टेस्ट डॉट फिट्स' हे नाव देतो आणि ते सगळं मोठ्या रोमन अक्षरांत लिहितो. यादीत नियम लहान अक्षरांत. लिनक्सवर ही दोन नावं पूर्ण वेगळी. नियम लागत नाही आणि अनेक जीबींची फाइल पुढच्याच कमिटमध्ये शिरते. म्हणून दोन्ही रूपांच्या दोन ओळी लिहाव्यात.

कोणती फाइल का वगळली गेली, हे ओळखायला गिटमध्ये चेक-इग्नोर नावाची आज्ञा आहे. तिला बारकाईनं सांगायची खूण, म्हणजे उणे व्ही, लावून फाइलीचं नाव दिलं की कुठल्या यादीतल्या कितव्या ओळीनं ती अडवली ते कळतं. अर्धा तास डोकं खाजवण्यापेक्षा ही आज्ञा आधी चालवावी.

४. माझं नको, सगळ्यांचं नको

पायथन आपल्या सोयीसाठी पायकॅश नावाचं फोल्डर बनवतं. ते प्रत्येकाकडे बनणार, म्हणून प्रकल्पाच्या यादीत जावं. पण मॅक संगणक उघडलेल्या फोल्डरमध्ये स्वतःची एक छुपी फाइल सोडतो, विम हा संपादक आपली तात्पुरती फाइल बाजूला ठेवतो. या सवयी तुमच्या यंत्राच्या आहेत, प्रकल्पाच्या नव्हेत. त्यांच्यासाठी सगळ्या प्रकल्पांना लागू होणारी तुमची खासगी यादी ठेवता येते. एकाच रेपोपुरतं आणि फक्त तुमच्यापुरतं काही वगळायचं असेल तर गिटच्या स्वतःच्या छुप्या फोल्डरमध्ये, इन्फोच्या आत, एक्सक्लूड नावाची फाइल असते. ती इतरांकडे जात नाही.

सेटिंगच्या फाइलींवर थोडा विचार करावा लागतो. जीएमआरटीच्या निरीक्षणांवर प्रक्रिया करायला एनसीआरएच्या रुता काळे आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी 'कॅप्चर' नावाचा संच तयार केला. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संच गिटहबवर सर्वांना खुला आहे. त्यात एक सेटिंगची फाइल आहे, वापरणारा तिच्यात आपल्या फाइलींची नावं आणि प्रक्रियेचे पर्याय भरतो. अशा फाइलीचा कोरा नमुना रेपोत असावाच, नाहीतर नवख्याला काय भरायचं ते कळणार नाही. भरलेली प्रतही कमिट करावी, कारण त्या पर्यायांवरच चित्र ठरतं. मात्र सेटिंगमध्ये पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची किल्ली असेल तर नियम उलटतो : नमुना रेपोत, भरलेली प्रत यादीत.

५. आत शिरलेल्याला यादी अडवत नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथं होतो. फाइल आधीच कमिट झाली असेल तर तिचं नाव यादीत लिहून काहीही होत नाही. गिट तिच्यावर पूर्वीसारखीच नजर ठेवतं. यादीचा अधिकार फक्त अजून नोंद न झालेल्या फाइलींवर चालतो.

नोंद काढायची तर गिट आरएम या आज्ञेला कॅश्ड ही खूण जोडतात. फाइल तुमच्या डिस्कवर राहते, गिट तिला सोडून देतं. यात एक गंमत आहे, आणि ती सहकाऱ्यांच्या वाट्याला येते. तुमचं हे कमिट त्यांनी ओढून घेतलं की त्यांच्या डिस्कवरून ती फाइल उडते, कारण त्यांच्या गिटच्या दृष्टीनं ती प्रकल्पातून काढली गेली. आधी चार लोकांना सांगून मगच हा उद्योग करावा.

आणि इतिहास? त्यात ती असतेच. मोठी फाइल असेल तर इतिहास नव्यानं लिहिणारी फिल्टर-रेपोसारखी अवजारं आहेत. ती वापरली की सगळ्या सहकाऱ्यांना नव्यानं क्लोन करावं लागतं. पासवर्ड गेला असेल तर त्या अवजाराच्या आधी पासवर्ड बदलावा. खुल्या रेपोतल्या किल्ल्या हुंगत फिरणारे प्रोग्राम माणसाच्या सवडीची वाट बघत नाहीत.

६. डाळ कुठं ठेवायची

आता परत एलटीएकडे, म्हणजे आपल्या डाळीकडे. फिट्स पुन्हा बनते, मेझरमेंट सेट पुन्हा बनतो, चित्रं पुन्हा बनतात. एलटीए बनत नाही. त्या रात्री एखादा स्पंदक तारा जसा धडधडला, सूर्याच्या वाऱ्यानं आणि वातावरणानं लहरी जशा हलवल्या, ते तसंच पुन्हा घडणार नाही. म्हणजे वगळायच्या यादीत पायथनचा कचरा आणि परत न मिळणारी रात्र शेजारी शेजारी बसली आहेत, आणि गिटला दोन्हींत फरक दिसत नाही.

खोडदच्या संशोधकांची वगळण्याची रीत वेगळी आहे. निरीक्षणात मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या असा माणसांचा गोंगाट घुसतो. तो काढताना आकडे पुसत नाहीत, त्यांच्यावर 'हे धरू नका' अशी खूण करतात. याला फ्लॅगिंग म्हणतात. खूण चुकली तर उठवता येते, आकडा खाली शाबूत असतो.

गिट इतकं हळवं नाही. वगळलेली फाइल गेली तरी चालेल, असं ते गृहीत धरतं. गिट क्लीन नावाची साफसफाईची आज्ञा आहे. तिच्या खुणांमध्ये मोठ्या लिपीतला एक्स दिला तर ती नेमक्या यादीतल्या फाइलीच पुसते. प्रोग्राम कोऱ्या पाटीवरून पुन्हा बांधून बघायचा असेल तेव्हा ही आज्ञा फार सोयीची, आणि अनेक मार्गदर्शिकांमध्ये ती बेधडक सुचवलेली असते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एलटीए असेल तर तीही जाते, कचरापेटीत न थांबता. म्हणून ही आज्ञा आधी उणे एन ही खूण लावून चालवावी, म्हणजे काय काय पुसलं जाईल याची नुसती यादी मिळते. जीएमआरटीच्या निरीक्षणांचं केंद्राकडे स्वतःचं संग्रहालय आहे आणि ठरावीक मुदतीनंतर तिथल्या फाइली इतर संशोधकांनाही मिळतात, त्यामुळे आपली विद्यार्थिनी वाचेल. स्वतःच्या शेतातल्या संवेदकाचे तीन पावसाळ्यांचे आकडे कुणी असेच ठेवले असतील, तर त्यांना कुठलं संग्रहालय?

म्हणून मूळ फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत. त्या दुसऱ्या डिस्कवर, केवळ वाचनाची परवानगी देऊन ठेवाव्यात. प्रकल्पात 'डेटा' नावाचा नुसता दुवा असावा, लिनक्सवाले ज्याला सिमलिंक म्हणतात तो. हा दुवा यादीत लिहिताना शेवटची तिरकी रेघ देऊ नये. गिटच्या लेखी दुवा म्हणजे फोल्डर नव्हे, त्यामुळे डेटा/ हा नियम त्याला लागत नाही आणि दुवा कमिट होऊन बसतो. नुसतं /डेटा लिहावं.

राहिली एक फाइल, रीडमी. ती रेपोत असते. तिच्यात विद्यार्थिनीनं चार गोष्टी लिहाव्यात : निरीक्षणाच्या प्रस्तावाचा क्रमांक, तारीख, फाइलीचं मूळ नाव आणि फाइलीचा चेकसम. चेकसम म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला, अक्षर-आकड्यांचा एक लांबलचक ठसा. फाइलीतला एक बाइट जरी बदलला तरी ठसा बदलतो. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी संग्रहालयातून तीच एलटीए उतरवली, तर ती खरंच तीच आहे का, हे ठसा ताडून लगेच कळेल. ४१ जीबींच्या जागी रेपोत जेमतेम चार ओळी जातात.